भिंतीवरचा पाय

"पाय ठेव," शेखर म्हणाला.

मी ठेवला. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. सोमाजी बुढा मोची गुडघे टेकून बसला होता. त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या पायाभोवती फिरवली. गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या, पण मी हललो नाही. तेवीस वर्षांचा झालो होतो आणि माझ्या मापाची वस्तू कोणी पहिल्यांदा करून राहिलं होतं. लग्नातला सदरासुद्धा मी मावसभावाचा घातला होता. त्यामुळे मला आतून लय भारी वाटून राहिलं होतं. खोटं कशाला बोलू?

मी पाय उचलला. शेखरनं तो कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग क्लबच्या खोलीत जेवढे होते तेवढ्यांना हाक मारली.

"या रे, बघा. याला पाय म्हणतात? हे तर फावडं आहे."

सगळे जमा झाले. सगळे हसले. गोलकीपर तर भिंत धरून हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सारं त्या हसण्यानंच झालं.

सोमाजीला बूट शिवायला तो कागद पाहिजे होता. शेखर म्हणाला, याचा अजून एक काढ. साहेबाच्या पोरानं म्हटलं तर काढावाच लागतो. सोमाजीनं मान वर न करता दुसऱ्या कागदावर माझा पाय पुन्हा काढला. शेखरनं तो भिंतीवर चार टाचण्यांनी लावला आणि खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं, फावडं. खाली माझा जर्सीचा नंबर, पाच. तो कागद पूर्ण हंगाम तिथंच राहिला. मी रोज त्याच्याखाली बसून कपडे बदलले.

आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा हंगाम. नागपूरची लीग तेव्हा जोरात होती. गिरण्या, सरकारी खाती, कंपन्या, सगळ्यांच्या टीम. खेळाडूंना खेळावर नोकऱ्या मिळायच्या, म्हणून खेळ म्हणजे भाकर होती. आमची टीम गिरणीची. लोक आम्हाला भोंगेवाले म्हणायचे, भोंग्यावर उठणारे म्हणून. मी स्टॉपर होतो, गोलकीपरच्या पुढं उभा राहून समोरच्याला अडवणारा. आणि गिरणीत बदलीवाला होतो. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी भोंगा व्हायच्या आधी फाटकासमोर उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे. सगळे आले तर घरी. टीममध्ये असलं की हातात कार्ड मिळायचं, ते दाखवलं की फाटकातून आधी आत घ्यायचे, म्हणून मी खेळायचो. आवड होतीच, पण आवडीनं चूल पेटत नाही.

शेखर कॅप्टन. सेंटर फॉरवर्ड. गिरणीच्या विणकाम खात्याच्या मास्तरचा, म्हणजे त्या खात्याच्या साहेबाचा पोरगा.

हे विणकाम खातं काय होतं ते सांगतो. माझा बाप त्याच गिरणीत एकतीस वर्षं होता, पण सूतकताईत. विणकामात पगार जास्त, पण आमच्या लोकांना तिथं जाता येत नव्हतं. कारण एकच. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी नळी, त्यातून धागा ओढायला तोंड लावावं लागे. आमचं तोंड लागलेला धागा बाकीच्यांना चालत नव्हता. कापड चालत होतं. बाप हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज वर जात नसे. माझा जातो.

आणि शेखरचा बाप त्या खात्याचा मास्तर. तेव्हा तो नियम उठला होता म्हणतात. पण मास्तर तोच होता.

मी शेखरवर जळायचो. हे असं सरळ लिहिलं की बरं वाटतं. त्याचे बूट कलकत्त्याहून आले होते, ते बोऱ्यात जात नव्हते, तो ते वेगळ्या पिशवीत घरी न्यायचा. बाकी आमचे सगळ्यांचे बूट गिरणीचे. मॅच संपली की चरबी लावून एका बोऱ्यात परत टाकायचे, आणि पुढच्या मॅचला कॅप्टन एकेक जोडा काढून नावानं द्यायचा. त्याची आई थर्मासमध्ये कॉफी पाठवायची. तो फाटकासमोर कधी उभा राहिला नाही. हजेरी ऑफिसात त्याचं टेबल होतं, त्या टेबलावर तो बसलेला मी फक्त दोनदा पाहिला. त्याच्या टाचा गुलाबी होत्या. पुरुषाच्या टाचा गुलाबी असू शकतात हे मला त्याच्याकडे पाहून कळलं. एकदा खोलीत कोणी नव्हतं तेव्हा मी त्याच्या कलकत्त्याच्या बुटात पाय घालून पाहिला. अर्धाही गेला नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो चांगला खेळायचा. खराब खेळला असता तर मी त्याचा फक्त राग केला असता. पण तो डाव्या बाजूनं असा वळायचा की मीसुद्धा मागून वा म्हणायचो. मग स्वतःवरच चिडायचो. देवानं पायही त्यालाच काहून दिले? टेबल दिलं, थर्मास दिला, बाप मास्तर दिला, आणि वरून हेही?

सोमाजीनं शिवलेले बूट मात्र एक नंबर झाले. पुढून रुंद, बोटं मोकळी. पहिल्या मॅचला घातले तेव्हा वाटलं मी आजपर्यंत बांधलेल्या पायानं खेळलो. त्या हंगामात माझ्या बाजूनं फार गोल गेले नाहीत. मोहल्ल्यातले लोक सायकलीवर मॅच पाहायला येऊ लागले. शेखर मात्र मला फावडं म्हणूनच हाक मारायचा, आणि मी ओ द्यायचो.

हंगाम अर्धा झाला आणि बोलणं सुरू झालं. मॅचेस विकल्या जाऊन राहिल्या म्हणे. आधी पानठेल्यावर, मग मैदानावर, मग पेपरात. अमक्या टीमनं तमक्यासाठी मुद्दाम मार खाल्ला. एका गोलकीपरला दुसऱ्या खात्यात नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात त्यानं चार सोपे गोल सोडले. गोल झाला की लोक टाळ्या वाजवायच्या आधी एकमेकांकडे पाहायचे. साधा पाय घसरला तरी वरून आवाज यायचा, बिक गया. एवढी वाईट हवा मी त्या मैदानावर कधी पाहिली नव्हती.

आमच्या टीमवर कोणी बोललं नव्हतं. आम्ही वर होतो. शेवटची मॅच पंखेवाल्यांशी. ती एका मोठ्या ऑफिसची टीम, पंख्याखाली बसून काम करतात म्हणून लोक त्यांना पंखेवाले म्हणत. त्यांना जिंकणं भाग होतं. आम्हाला बरोबरी पुरत होती. आणि मॅनेजर साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, शील्ड आणा, टीममधले तिन्ही बदलीवाले पर्मनंट.

पर्मनंट. हा शब्द मी घरी जाऊन मायला सांगितला. तिनं तो शेजारणीला सांगितला. शेजारणीनं मोहल्ल्याला सांगितला. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. त्या आठवड्यात तिच्या हातून माझ्या ताटात भाकर जास्त पडून राहिली.

मॅचच्या दिवशी बोरा उघडला. एकेकाचं नाव घेऊन शेखर बूट देऊन राहिला होता. माझं नाव शेवटी आलं. बोऱ्यात एकच जोडा उरला होता, आणि तो माझा नव्हता.

"तुझे सापडत नाहीत. गोदामात राहिले असतील. आज हे घाल," शेखर म्हणाला.

सहा नंबरचे होते. मी म्हटलं, यात माझा पाय जात नाही. तो म्हणाला, मग दुसऱ्याला उतरवू का? बाजूला एक जण जर्सी घालून तयारच होता. अनवाणी उतरलो तर रेफरी बाहेर काढणार. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. वाटलं, नाही म्हटलं तर हा पुन्हा फावडं म्हणेल आणि सगळे पुन्हा हसतील. आणि पर्मनंट जाईल ते वेगळंच. मी बोटं आत दुमडली आणि पाय कोंबला. दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. आम्हाला लहानपणापासून सवय होती, मिळेल त्यात अंग बसवायची.

पंधरा मिनिटांत बोटं बधिर झाली. मला वळता येत नव्हतं. त्यांचा राइट आउट, उजव्या कडेनं पळणारा, माझ्या बाजूनं गेला, मी पाय टाकला, पाय पोचलाच नाही. गोल. लगेच मागून सुरू झालं, पाच नंबर बिक गया. एक जण माझ्याच मोहल्ल्यातला होता, आवाज मी ओळखला. मी शेखरकडे पाहिलं. तो बुटाची लेस बांधून राहिला होता. त्याची लेस सुटली नव्हती.

हाफ टाइमला मी गवतावर बसलो. पट्ट्या कापायचं ब्लेड बाजूला पडलं होतं. काही ठरवलं नव्हतं. ब्लेड उचललं आणि दोन्ही बुटांची टोकं कापून टाकली. कातडं कडक होतं, तळहाताला लागलं. बोटं बाहेर आली तेव्हा निळी होती. शेखर धावत आला.

"अरे, गिरणीचे बूट आहेत ते."

"पाय माहा हाय," मी म्हटलं.

एवढंच बोललो. त्या पूर्ण हंगामात मी त्याला दिलेलं ते पहिलं उत्तर. त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की हा बुटांसाठी घाबरला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये मी खेळलो. बढाई मारत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. बोटं सोलून निघाली, पण माझ्या बाजूनं एकही गेला नाही. कॉर्नर मिळाला तेव्हा मी वर गेलो आणि डोक्यानं गोल केला. एकास एक. बरोबरी. लोक उठून उभे राहिले. मघाचा तो मोहल्ल्यातला आवाज आता माझं नाव घेऊन ओरडून राहिला होता. पाच मिनिटं बाकी असतील. मी मनात मायला सांगून टाकलं, झालो पर्मनंट.

मग त्यांचा एक उंच बॉल आमच्या गोलसमोर आला. साधा बॉल. माझ्याच डोक्यावर येऊन राहिला होता. शेखर सेंटर फॉरवर्ड, त्याची जागा पलीकडच्या टोकाला. तो मागं का आला होता हे कोणालाच कळलं नाही. तो माझ्या पुढं घुसला, उडी मारली आणि हात वर केला. आंबा तोडावा तसा त्यानं तो बॉल हातानं घेतला. शिट्टी. पेनल्टी. गोल. एकास दोन.

कोणी बिक गया म्हटलं नाही. शेखरबाबूला तसं म्हणायची जीभ होत नव्हती. थोड्या वेळानं मागून कोणीतरी म्हटलं, पाच नंबरनं बॉल शेखरबाबूवर कशाला येऊ दिला? मग सगळे तेच म्हणायला लागले.

घरी गेलो तर मायनं आधी पाय पाहिले. हळदीचं पाणी आणलं. पाय धुता धुता तिनं विचारलं,

"काहून घातले गा बापू तू?"

मी पाय पाण्यातून काढून पुसायला लागलो. आणि ती पुन्हा विचारत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पाच नंबरच्या ढिसाळ खेळानं गिरणीचा घात, सौद्याचा संशय. शेखरच्या हाताबद्दल एकच ओळ होती, दुर्दैवानं बॉल हाताला लागला. मी कापलेले बूट पिशवीत घालून सोमाजीकडे गेलो, म्हटलं टोकं जोडता येतात का पाहू. त्याच्या दुकानात खिळ्याला माझे बूट लटकून राहिले होते. माझ्या मापाचे. रुंद.

"शेखरबाबू टाकून गेला परवा. म्हणे टाके पाह्य," सोमाजी म्हणाला. "म्या पाह्यले. एकही टाका उसवला नोयता. म्हटलं मंग काहून आणले? म्हणे राहू दे हप्ताभर, घाई नाही."

तो खाली पाहून बोलून राहिला होता. मी तिथंच पायरीवर बसलो.

आठ दिवसांत बातमी आली. शेखरला पंखेवाल्यांच्या ऑफिसात जागा मिळाली. साहेबाची जागा, वर पंखा, बाजूला शिपाई. म्हणजे सौदा खरा होता.

आता मी जे लिहितो ते वाचून माझ्याच लोकांना राग येईल. ही बातमी ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं? त्यानं बेइमानी केली, हे नाही. मला वाटलं, त्याला विचारलं. मला कोणी विचारलं नाही. पोटात आग पडली ती याची. मॅच मी अडवून धरत होतो, तो नाही. विकत घ्यायचं तर मला घ्यायला पाहिजे होतं. मी नाही म्हटलं असतं, छातीवर हात ठेवून सांगतो, नाहीच म्हटलं असतं. पण नाही म्हणायची संधी तरी द्यायची. माझ्याकडे येऊन कोणी हळूच बोललं नाही, चहा पाजला नाही. माझ्यासाठी त्यांनी बोऱ्यातला एक जोडा बदलला. काम झालं. बैलाला कोणी विचारतं का, कोणत्या गाडीला जुंपू?

त्याच्या बेइमानीवरसुद्धा मी जळलो. एवढं खाली त्यांनी मला नेऊन ठेवलं होतं.

मग चौकशी लागली. पेपरांनी ओरड केली होती, कोणीतरी सापडणं गरजेचं होतं. क्लबच्या त्याच खोलीत टेबल टाकलं. चार खुर्च्या. क्लबचे सेक्रेटरी साहेब, गिरणीचे दोन अधिकारी आणि साक्षीदार म्हणून शेखर. मी उभा. शेखरच्या पुढ्यात चहा होता. भिंतीवर माझा पाय तसाच होता, एक टाचणी निघून कोपरा लोंबत होता.

सेक्रेटरी साहेबानं कागद वाचून दाखवला. टाइप करून तयारच होता. मी आमिषास बळी पडून जाणूनबुजून निकृष्ट खेळ केला, तसेच क्लबच्या मालकीच्या पादत्राणांची नासधूस केली, याबद्दल क्षमा मागतो. खाली माझं नाव. सही केली तर खेळ बंद, पण फाटकावरचं कार्ड चालू राहील, पुढं बघू. नाही केली तर कार्डही बंद. त्यानं पेन पुढं सरकवलं आणि समजावणीच्या आवाजात बोलला, तुझ्या घरी बाळंतपण आहे म्हणे, विचार कर. शेखर माझ्याकडे पाहून मान हलवून राहिला होता, कर बाबा कर, अशी.

मी पेन उचललं. खरं सांगतो, सही करायलाच उचललं होतं. मग मायचा प्रश्न आठवला. काहून घातले?

मी पेन खाली ठेवलं. भिंतीपाशी गेलो आणि तो कागद काढला. टेबलावर पसरला, त्यांच्या टाइप केलेल्या कागदावरच. पिशवीतून कापलेले बूट काढले आणि त्यातला एक त्या पायावर ठेवला. बूट पायाच्या आत बसला. चारी बाजूंनी पेन्सिलीची रेघ बाहेर दिसत होती. दोन दोन बोटं.

"बुटं टेबलावरून खाली घे," सेक्रेटरी साहेब म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं.

"खाली घे म्हणतो ना."

"हा पाय तुमच्याच भिंतीवर होता. हे बूट तुमच्याच बोऱ्यातले आहेत. माहे बूट सोमाजीकडे लटकून राहिले, कोणी टाकले ते त्याले विचारा. आन मी सही करतो. पण मी सांगन ते लिहा. लिहा का, मले कोणी इकत घेतलं नाही. मले इकत घ्याची कोणाले गरज पडली नाही. ज्याले घेतलं तो चहा पिऊन राहिला."

कोणी लिहिलं नाही. शेखरनं कप बशीत ठेवला, तो वाजला. एक अधिकारी त्या कागदाकडे पाहत होता, पायाकडे, आणि मग त्यानं नजर खिडकीकडे वळवली. मला कळलं की त्याला दिसलं आहे. दिसूनही तो बोलणार नाही हेही कळलं. तोपर्यंत मला वाटायचं की यांना माहीत नसतं. त्या दिवशी ती शंका फिटली.

मी बूट तिथंच टेबलावर ठेवले. कागद घडी करून खिशात घातला. माझा होता तो.

माझ्यावर जन्मभराची बंदी आली. कार्ड बंद झालं. शेखर पुढं पंखेवाल्यांचा कॅप्टन झाला, मग अधिकारी, मग स्पर्धांना पाहुणा म्हणून बोलावू लागले. पेपरात त्याचा फोटो येतो. मी अजून जळतो. लोक म्हणतात, सोडून दे, जळणं वाईट. ज्याच्याकडे सगळं असतं त्याला असं सांगायला काय जातं? मी सोडणार नाही. माझं काय नेलं, कोणी नेलं, हे त्या आगीनंच मला ध्यानात राहतं.

त्या दिवशी चौकशीतून घरी आलो तेव्हा माय भाकरी थापून राहिली होती. बायको भिंतीला टेकून बसली होती. दोघींनी माझ्या हाताकडे पाहिलं, पिशवी नव्हती. कार्ड गेलं हे सांगावं लागलं नाही. मी मायच्या बाजूला बसलो आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"भेवून घातले वं माय. आता कोणी देले तरी घालत नाही."

तिनं भाकर उलटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. मी उठलो, तोंड धुतलं, आणि फाटकाकडे न जाता अनवाणीच वस्तीत निघालो, टीममधल्या बाकीच्या दोन बदलीवाल्यांना घराबाहेर बोलवायला. त्यांचंही पर्मनंट त्याच सौद्यात गेलं होतं.